अधिकमास मुदतीत धरावा काय

देऊळवाडी, जानेफळजवळ
आषाढ वद्य अष्टमी, शके १९४५ (१० जुलै २०२३)

चि. अन्नपूर्णेस,

थोरल्या भावाचा देवघरातूनच आशीर्वाद. पूजा आताच आटोपली आहे. कागदावर चंदनाचे बोट उमटले असेल तर तोही आशीर्वादच समजावा.

आज एका लौकिक कार्यासाठी लिहीत आहे. आपल्या नाल्यापलीकडे बौद्धवाड्यातील सिंधूताईचे दोन एकर शेत आहे. ती माझी जुनी विद्यार्थिनी. त्या शेताची वाट पूर्वापार किसनरावांच्या शेताच्या धुऱ्या-बांधावरून होती. गेल्या वर्षी किसनरावांनी तारेचे कुंपण घातले आणि वाट मिटली. सिंधूताईने तहसीलदारांकडे रस्ता मागितला. चैत्रात स्थळपाहणी झाली. नाला कोरडा होता, म्हणून आदेश निघाला की नाल्याच्या पात्रातून पर्यायी रस्ता उपलब्ध असल्याने अर्ज नामंजूर. चैत्रात त्या नाल्यातून हत्तीही जाईल. परंतु सोयाबीन काढायला मळणीयंत्र न्यायचे ते आश्विनात, आणि तेव्हा तेथे गुडघाभर पाणी व त्याखाली तितकाच चिखल असतो. गेल्या खेपेस तिने शेंगांचे भारे डोक्यावर वाहिले; चौथा हिस्सा शेतातच कुजला. यंदा तसेच झाले तर शेत किसनरावांनाच देऊन टाकावे लागेल, असे ती म्हणते. दुसरे कोणी ते घेणार नाही, कारण दुसऱ्या कोणाला तेथे जाताच येणार नाही.

या आदेशावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते, आणि ते लिहिण्याचे काम तिने माझ्याकडे सोपवले. मी शास्त्रशुद्ध पद्धत अवलंबिली आहे. प्रथम मंगलाचरण. नंतर विषय, प्रयोजन, संबंध व अधिकारी हे चार अनुबंध. मग पूर्वपक्ष, म्हणजे तहसीलदारांचे मत, अत्यंत आदराने मांडून त्याचे खंडन. तहसीलदारांच्या वर उपविभागीय अधिकारी, त्यांच्या वर अपर जिल्हाधिकारी, त्यांच्या वर आयुक्त आणि सर्वांत वर मंत्रालय, ही रचना पाहून मला सप्तलोकांचे स्मरण झाले व त्यावर एक परिच्छेद सहज सुचला. शेवटी फलश्रुती घातली आहे: जो अधिकारी हे अपील श्रद्धेने वाचील त्यास काय प्राप्त होईल, ते तीत सांगितले आहे. एकूण अकरा पाने.

तू कचेरीत एकतीस वर्षे काढलीस. मसुदा सोबत पाठवीत आहे, एकदा नजर फिरव. सुयोग्य मुहूर्त पाहून दाखल करीन.

तुझा,
जानराव


बुलढाणा, १५ जुलै

तीर्थरूप दादांस,

गुडघे वाकत नाहीत, म्हणून नमस्कार खुर्चीतूनच घ्यावा.

तुमची अकरा पाने दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना हातात लाल पेन्सिल होती, तेव्हा आधीच क्षमा मागते. मंगलाचरण काढले. गणपतीला प्रतिवादी करायचे नसेल तर त्याला अर्जात आणू नये. सप्तलोकही काढले, कारण उपविभागीय अधिकारी आपण खालून दुसऱ्याच लोकात आहोत हे वाचून प्रसन्न होतील असे मला वाटत नाही. फलश्रुती तर आधी काढली. निकाल देणाऱ्याला काय प्राप्त होईल हे अर्जात लिहिणाऱ्यांसाठी सरकारने वेगळे खाते ठेवले आहे, आणि ते धाड घालते.

उरले ते दीड पान. वाईट वाटून घेऊ नका. त्या दीड पानात चैत्रातला नाला आणि आश्विनातला नाला यांचे जे वर्णन आहे, ते इतके सुंदर आहे की अपील शाखेतल्या माझ्या नऊ वर्षांत तसे वाचल्याचे आठवत नाही.

आता जोडायचे काय ते सांगते. आदेशाची प्रमाणित नक्कल, कोर्ट फी स्टॅम्प आणि किसनरावांचे पूर्ण नाव व पत्ता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आदेश सिंधूताईच्या हाती पडला ती तारीख. तुमच्या अकरा पानांत तहसीलदारांच्या अंतःकरणातले रज आणि तम आहेत, पण ती तारीख कुठेही नाही. त्या दिवसापासून साठ दिवसांत अपील दाखल व्हावे लागते. साठ दिवस म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरचे साठ चौकोन. मुहूर्त पाहत बसू नका. आवक टेबलावर बसणारा राहुकाल विचारत नाही, तारखेचा शिक्का मारतो.

ती तारीख मला लगेच कळवा. फोन केला होता. तुमचा फोन पहाटे चारच्या गजराखेरीज कशालाही वाजत नाही असे दिसते. मसुदा तयारच आहे, तेव्हा हे पत्र मिळताच दुसऱ्या दिवशी जाऊन या. गेला असाल असेच धरून चालते.

आपली,
अन्नपूर्णा


देऊळवाडी
निज श्रावण शुद्ध अष्टमी (२४ ऑगस्ट)

चि. अन्नपूर्णेस,

उत्तरास उशीर झाला, त्याचे कारण ऐकशील तर तुला समाधानच वाटेल.

तुझे पाकीट १८ जुलैला दुपारी आले. त्याच दिवशी सकाळी अधिकमास सुरू झाला होता आणि मी संकल्प सोडला होता की हा पूर्ण महिना लौकिक कागद उघडणार नाही, लिहिणार नाही व फोनही चालू करणार नाही. म्हणून पाकीट देवापुढे ठेवले. तीस दिवस त्यावर रोज तुळस वाहिली गेली.

महिना फार मंगल गेला. किसनरावांनी आग्रहाने त्यांच्या घरी अधिकमासाची पोथी लावली होती. रोज दुपारी तीन ते सहा वाचन. समाप्तीला चांदीच्या ताटात तेहेतीस अनारसे, आणि जाळी अशी की आईच्या हातची आठवण व्हावी. किसनराव रोज पहिल्या रांगेत, डोळे मिटून. असा श्रोता मला चाळीस वर्षांत लाभला नाही.

१७ ऑगस्टला निज श्रावण लागला तेव्हा तुझे पत्र उघडले. ते वाचून काही काळ अस्वस्थ झालो, हे तुझ्यापासून लपवत नाही. तुझ्या सूचनेनुसार दीड पान स्वच्छ लिहून काढले, नागपंचमी जाऊ दिली आणि २२ तारखेस सिंधूताईसह उपविभागीय कार्यालयात गेलो. तेथील कारकून विनयशील होता. त्याने कागद पाहिले, भिंतीकडे पाहिले, ओठ हलवीत काही मोजले आणि म्हणाला, “गुरुजी, अठरा दिवस उशीर आहे.”

आदेश सिंधूताईला ५ जूनला मिळाला होता. मी त्यास समजावून सांगितले की अधिकमास हा मोजणीचा महिना नाही. तीन वर्षांत साचलेला काळाचा तो शेष आहे. त्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तू नाही. ज्या महिन्यात कोणतेही कार्य आरंभता येत नाही, तो कार्याच्या मुदतीत कसा धरावा? त्याने शांतपणे ऐकून घेतले, हात जोडले आणि म्हणाला, “गुरुजी, अधिकमासात कचेरी चालू असते.”

अपील ठेवून घेतले आहे, पण कोपऱ्यात शिसपेन्सिलीने ‘मुदतबाह्य’ असे लिहिले. अठरा ही संख्या स्वभावतः मंगल आहे, एवढाच त्यात दिलासा. थांबण्यास सिंधूताईचीही संमती होती. तिचे सोयाबीन छान आहे, शेंगा लागल्या आहेत.

आता काय करावे?

जानराव


बुलढाणा, २९ ऑगस्ट

तीर्थरूप दादांस,

नमस्कार. रागावले आहे, पण नमस्कार खरा आहे.

तुमचे पत्र वाचताना मी एका ओळीवर थांबले ती अजून तिथेच आहे. दादा, ज्याच्याविरुद्ध अपील लिहिले, त्याच्याच घरी तुम्ही तीस दिवस बसलात? तीन ते सहा? उपविभागीय कार्यालयाची आवक पावणेसहाला बंद होते. किसनरावांनी पोथी कधी लावायची ठरवली, तुमच्याकडे सिंधूताईचा कागद आला त्याच्या आधी की नंतर, एवढे आठवून पाहा. त्यांचे डोळे मिटलेले होते हे मान्य. मोजणी डोळे मिटूनही करता येते.

असो. यातून वाट आहे. उशिरा आलेले अपीलही वरचा अधिकारी दाखल करून घेऊ शकतो, पुरेसे कारण दाखवले तर. त्यासाठी विलंब माफीचा अर्ज करायचा आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचे. प्रतिपक्षाला त्यावर हरकत घेता येते. विलंब माफ झाला तरच मूळ अपील उघडते. नाही झाला तर नाला, चिखल, शेंगा यांतले काहीही कोणी वाचणार नाही. तेव्हा तिचे दोन एकर आता त्या एका प्रतिज्ञापत्रावर उभे आहेत.

लोक कारण काय लिहितात ते मी नऊ वर्षे वाचले आहे. आपल्या जिल्ह्यात मुदत संपल्यावर जेवढी कावीळ होते तेवढी दवाखान्यांनी कधी पाहिली नसेल. सगळ्यांना साठाव्या दिवसाच्या आत कावीळ होते आणि अपील लिहून झाले की उतरते. अधिकारी वर पाहतसुद्धा नाहीत. म्हणून तुम्ही कावीळ लिहू नका, कोणी सुचवली तरी. खरे कारण लिहा.

आणि एक गोष्ट मला कळत नाही. सिंधूताई शिकलेली, चार ठिकाणी फिरणारी बाई आहे. ती अडीच महिने नुसती गप्प बसली, ‘संमती होती’, हे मला पटत नाही. काही राहून गेले असेल तर लिहा.

आपली,
अन्नपूर्णा


देऊळवाडी
निज श्रावण वद्य नवमी (८ सप्टेंबर)

चि. अन्नपूर्णेस,

आशीर्वाद. तुझा संशय वाचून वाईट वाटले. किसनरावांच्या भक्तीत मला कधी खोट दिसली नाही. पोथी त्यांनी जूनच्या अखेरीस ठरवली, एवढे खरे. त्याआधी मी त्यांना पारावर या अपिलाची थोडी कल्पना दिली होती, विशेषतः सप्तलोकांचा परिच्छेद वाचून दाखवला होता, हेही खरे. यावरून काही सिद्ध होत नाही.

त्यांच्या वकिलांनी विलंबाला हरकत घेतली आहे. सुनावणी २७ तारखेला.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा तयार केला आहे, सात पानांचा. त्याचे सार असे: ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही त्यास स्वतःचे नाव नसते, ज्यास नाव नाही त्याची गणना नाही, ज्याची गणना नाही तो मुदतीत मोडत नाही, सबब विलंब झालेलाच नाही. यात खंडन करण्यास जागा आहे असे मला वाटत नाही. चौथ्या पानावर मी काळ या तत्त्वाचा जो विचार केला आहे तो अधिकाऱ्यांस आवडेल.

मसुदा पोस्टाने पाठवणार होतो, परंतु सिंधूताई म्हणाली की ती स्वतःच बुलढाण्याला तुझ्याकडे घेऊन येते. मी नको म्हटले, ती ऐकेना. तिला तुझा पत्ता दिला आहे. गुडघ्याच्या तेलाची बाटलीही तिच्याबरोबर दिली आहे.

जानराव


बुलढाणा, १४ सप्टेंबर, पोळा

तीर्थरूप दादांस,

नमस्कार. तेल मिळाले, सात पानेही मिळाली. तेलाचा गुण आला.

परवा सिंधूताई दुपारी आली. पाणी प्यायली आणि पहिला प्रश्न हाच विचारला, की सात पानांचे दीड पान मी आजच करून देईन का, म्हणजे तिला चारची बस मिळेल. मग मी तिला जेवायला बसवले आणि हळूहळू सगळे काढून घेतले. ती तुमच्याविरुद्ध एक शब्द आपणहून बोलली नाही, हे आधी लिहिते.

ती तुमच्याकडे चार वेळा आली होती. जूनमध्ये दोनदा, ११ जुलैला एकदा, आणि अधिकमासात एकदा किसनरावांच्याच ओसरीवर, पोथी संपायची वाट पाहत चपलांपाशी उभी. तेव्हा तुम्ही तिला प्रसाद दिलात आणि म्हणालात की हा महिना मोजत नसतात. मी तिला विचारले, मग तू स्वतः का गेली नाहीस? तिचे उत्तर जसेच्या तसे लिहिते:

“गुरुजीनं कागद ठेवून घेतला होता नं. अन् मी त्याईले पयल्याच दिवशी सांगतलं होतं, का आमाले मुहूर्त लागत नाही. पण ते म्हणे, मले लागते. आता लिहिणारे ते, त मुहूर्त बी त्याईचाच लागन ना ताई?”

हे ती हसत म्हणाली, दादा. मी हसू शकले नाही. तिची संमती होती असे तुम्ही मला लिहिलेत. ती संमती नव्हती, ती भीड होती. तुम्ही तिचे मास्तर आहात.

सात पाने मी परत पाठवीत आहे. यात लाल पेन्सिल लावण्यासारखे काही नाही, कारण यातले सगळे बरोबर आहे आणि यातल्या कशाचाही उपयोग नाही. संक्रांतीचे काय ते तुम्ही पुराणिकांना पटवा. अधिकाऱ्याला एवढेच कळायला हवे की उशीर कोणाचा. अपीलकर्तीचा नसेल, तर तिच्यासाठी दार उघडता येते. ते सांगणारा माणूस जगात एकच आहे आणि त्याला आपली चूक सात पानांत नीट झाकता येते, एवढे त्याचे संस्कृत चांगले आहे.

या वेळी मी मसुदा करून देणार नाही. तुम्हीच लिहा. एका पानाच्या वर जाऊ नका.

बैलांची पूजा झाली असेलच. इथे मातीचे बैल आणले आहेत, त्यांतल्या एकाचे शिंग वाटेत मोडले.

आपली,
अन्नपूर्णा


देऊळवाडी
भाद्रपद वद्य प्रतिपदा (३० सप्टेंबर)

चि. अन्नपूर्णेस,

तुझे पत्र मिळाले. चौथ्या दिवशी पुढील मजकूर लिहिला, त्यावर शपथ घेतली व सादर केला. नक्कल तुझ्यासाठी उतरवतो:

“हे अपील मी लिहिले. आदेश ५ जूनला मिळाला हे मला माहीत होते. अपीलकर्ती मला चार वेळा विचारण्यास आली. मी अधिकमास मुदतीत धरला नाही आणि तिचे कागद माझ्याजवळ ठेवून घेतले. चूक माझी आहे, तिची नाही. जानराव, निवृत्त शिक्षक.”

हे लिहिण्यास सात पानांपेक्षा अधिक वेळ लागला.

आता सुनावणीचे ऐक. उपविभागीय अधिकारी या तरुण मॅडम आहेत. आमचा क्रमांक एकोणिसावा होता. सकाळी अकराला गेलो ते साडेचारला पुकारा झाला. किसनरावांचे वकील उभे राहिले आणि म्हणाले की मुदत म्हणजे मुदत, कायदा पंचांग पाहून चालत नाही, आणि गुरुजींसारखे विद्वान गृहस्थ केवळ दयेपोटी दोष आपल्या अंगावर घेत आहेत. त्या एका क्षणी, अन्नपूर्णे, मला ते विधान खरे ठरावे असा मोह झाला. तेवढ्याने माझी विद्वत्ताही राहिली असती आणि औदार्यही दिसले असते. परंतु सिंधूताई माझ्या शेजारीच उभी होती आणि समोर पाहत होती. मी म्हणालो की दयेचा यात काही संबंध नाही, तिने मला सांगितले होते व मी ऐकले नाही.

मॅडमनी प्रतिज्ञापत्र वाचले. मग विचारले की कागद ठेवून घेतले ते महिनाभर आपण कोठे होता, गावाबाहेर होता काय. मी उत्तर देण्यापूर्वी त्यांनी किसनरावांकडे पाहिले. वकिलांनी किसनरावांचा शर्ट मागून ओढला, हे मी स्वतः पाहिले. पण किसनरावांनी टोपी काढली आणि म्हणाले, “खोटं काऊन बोलू मॅडम, गुरुजी पूरा महिना आमच्याच घरी पोथी वाचून राह्यले होते. रोज तीन ते सहा. सहीसलामत.”

मॅडमनी प्रतिज्ञापत्र फाइलला लावले. नंतर शिरस्तेदारांना सांगितले, विलंब माफ. ६ ऑक्टोबरला त्या स्वतः स्थळपाहणीस येणार आहेत.

परतीच्या बसमध्ये जागा एकच होती, म्हणून मी व किसनराव एकाच बाकावर दाटीने बसलो. जानेफळ जवळ आले. मग विचारले, किसनराव, पोथी लावली ती नेमकी कशासाठी?

“पुण्यासाठीच, गुरुजी,” ते म्हणाले. “फायदा झाला तो वरचा.”

तुझा तर्क पूर्ण खरा नव्हता व पूर्ण खोटाही नव्हता, हे तुला कळावे म्हणून लिहिले.

जानराव


बुलढाणा, ३ ऑक्टोबर

तीर्थरूप दादांस,

खुर्चीतून उठून नमस्कार केला आहे, गुडघे काहीही म्हणोत.

पाहणीच्या दिवशी बोलायचे कमी आणि चालायचे जास्त. मॅडमना काही समजावू नका. नाल्यापर्यंत न्या आणि बाजूला उभे राहा. पितृपक्ष चालू आहे हे माझ्या लक्षात आहे. तुमच्या लक्षात नसावे अशी प्रार्थना.

सोयाबीन सोंगणीला आले असेल. पाऊस थांबला का, एवढे कळवा.

आपली,
अन्नपूर्णा


देऊळवाडी
६ नोव्हेंबर

चि. अन्नपूर्णेस,

तिथी लिहिली नाही, कारण पंचांग आत आहे आणि सिंधूताई दारात उभी आहे. हे पत्र पोस्टाने नव्हे, तिच्याच हाती येत आहे. ती मला बसच्या वेळेपर्यंतची सवड देते, म्हणून थोडक्यात लिहितो.

पाहणी झाली. आदल्या दोन दिवसांत पाऊस होऊन गेला होता. तू म्हणालीस तसा मी नाल्यापाशी बाजूला उभा राहिलो. वकील मॅडमना म्हणाले की पात्र रुंद आहे, तळ घट्ट आहे, रस्ता उत्तम आहे. मॅडम म्हणाल्या की मग आपण पलीकडे जाऊन या, आम्ही थांबतो. त्यांना नाही म्हणता येईना. पँट वर करून ते उतरले. मध्यावर गेले तेव्हा गुडघ्यापर्यंत आत होते आणि परत आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात बूट होता. दुसरा किसनरावांनी काठीने बराच वेळ शोधला. तो नाल्यानेच ठेवून घेतला आहे. पंचनाम्यात बुटाचा उल्लेख आला नाही, पण ‘पात्र सध्या वापरास अयोग्य’ असे आले.

१३ ऑक्टोबरला निकाल झाला. तहसीलदारांचा आदेश रद्द. किसनरावांच्या धुऱ्यावरून आठ फूट रस्ता. मंडळ अधिकाऱ्यांनी २० तारखेस कुंपण उघडून दिले. दसऱ्याच्या दिवशी मळणीयंत्र आत गेले. कोणाच्या डोक्यावर भारा आला नाही, की एकही भारा मागे राहिला नाही. सिंधूताईने मला रस्ता पाहायला बोलावले तेव्हा मी टोकापर्यंत चालून आलो.

किसनराव आता अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे दुसरे अपील करणार आहेत. परवा ते माझ्याकडे आले, पाया पडले आणि म्हणाले की एवढे अपील तुम्हीच लिहून द्या, तुमच्या अक्षराला मान आहे. सप्तलोकांचा परिच्छेद घेतला तरी त्यांची हरकत नव्हती. मी म्हणालो की मी एका अपिलात दोन बाजूंना पुरेसा उपयोगी पडलो आहे. चहा घेऊन गेले.

त्यावरून मी आज सकाळी सिंधूताईकडे निरोप धाडला, की वरच्या कार्यालयात तुझा अर्ज आधीच पोचलेला असावा, म्हणजे तुला ऐकल्याशिवाय निकालाला स्थगिती मिळणार नाही. तो मी लिहून देतो, दुपारी ये. ती लगेच आली, पण बसायला नाही. तिच्या हातात पिशवी होती. अर्ज तिने काल संध्याकाळीच लिहिला होता आणि तो द्यायला ती बुलढाण्यालाच निघाली होती. माझे काही काम असेल तर सांगावे, म्हणून वाटेत डोकावली.

मी तो वाचायला मागितला. अर्धे पान आहे. वर नाव, गट नंबर, निकालाची तारीख. खाली एवढेच: “किसनरावांनी स्थगिती मागितली तर मला आधी बोलवावे. मी येते.” विषय नाही, प्रयोजन नाही, आदरार्थी विशेषण एकही नाही. मी खिशातून पेन काढले, टोपण उघडले आणि पुन्हा एकदा वाचले. मग टोपण लावले व कागद घडी घालून तिला परत दिला.

“बरोबर हाये ना, गुरुजी?” तिने विचारले. मी म्हणालो, बरोबर आहे. ती म्हणाली की तिलाही तसेच वाटले होते.

दुपारपर्यंत ती तुझ्याकडे पोचेल. तिला कचेरीचा रस्ता विचारायचा असेल तर सांग. दुसरे काही समजावू नकोस. चहा दे.

ती घड्याळाकडे पाहते आहे.

जानराव